फाईल उतरते, पण लेबल बदलत नाही: डाउनलोडनंतर फॉर्ममधले कंट्रोल कसे अपडेट करायचे

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात. एएसपी डॉट नेट वेबफॉर्म्सचं (मायक्रोसॉफ्टची वेब-पानं बनवायची जुनी पद्धत) पान आहे, त्यावर एक्सेल काढायचं बटण आहे. बटण दाबलं की जावास्क्रिप्टने ते डिसेबल होतं, गोल फिरणारा लोडर येतो, सर्व्हरवर फाईल तयार होते आणि उतरते, इथपर्यंत सगळं व्यवस्थित. पण त्याच क्लिक इव्हेंटमध्ये लेबलवर "रिपोर्ट तयार आहे" लिहिलंय, बटण परत चालू केलंय, ड्रॉपडाउन पहिल्या ऑप्शनवर आणलाय, ग्रिडमधल्या ओळीचं स्टेटस बदललंय आणि ह्यातलं काहीही पानावर दिसत नाही. लोडर फिरतोय तो फिरतोयच. डीबगर लावला तर एकूण एक ओळ चालताना दिसते, एरर कुठेच नाही. शिवाय कधीकधी क्लिक इव्हेंटच सर्व्हरवर फायर होत नाही. आणि ग्रिडमधलं ते स्टेटस "डाउनलोड केले" असं डेटाबेसमध्येही लिहिलं जातं, त्यावरून पुढे रेकॉर्ड लॉक होतं.

तुमचा कोड बरोबर चालतोय, लेबलही खरंच बदलतंय, फक्त ते बदललेलं लेबल ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीये. एका रिक्वेस्टला एकच रिस्पॉन्स मिळतो, एचटीटीपीचा नियमच तो. एरवी तुम्ही पोस्टबॅक करता, म्हणजे फॉर्म सर्व्हरवर त्याच पानाकडे परत पाठवता, तेव्हा त्या रिस्पॉन्समध्ये अख्खं नवीन पान येतं आणि त्यात बदललेलं लेबल असतं. इथे तुम्ही तो रिस्पॉन्स फाईलला देऊन टाकला. कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये अटॅचमेंट असं दिसलं की ब्राउझर म्हणतो, बरं, हे पान नाही, ही फाईल आहे, मग तो ती डाउनलोडच्या यादीत टाकतो आणि समोरचं जुनं पान जसंच्या तसं ठेवतो. त्याने काही चूक केली नाही.

वेबफॉर्म्समध्ये आतून काय होतं तेही बघा, कारण त्याशिवाय पुढचे दोन-तीन घोळ कळणार नाहीत. क्लिक इव्हेंट चालतो तेव्हा पान अजून एचटीएमएल झालेलं नसतं, नुसता कंट्रोलचा झाडोरा मेमरीत असतो. त्यानंतर प्री-रेंडर, मग व्ह्यूस्टेट (कंट्रोलची अवस्था, जी पानातच लपवून पाठवली जाते) सेव्ह होणं आणि मग रेंडर, म्हणजे एचटीएमएल बनणं. तुम्ही क्लिकमध्येच फाईल लिहून रिस्पॉन्स डॉट एंड केलंत की पुढचं काहीच घडत नाही, तिथेच थ्रेड अबॉर्ट एक्सेप्शन टाकून सगळं थांबवलं जातं. (म्हणूनच ट्राय-कॅचमध्ये एंड लिहिलं की लॉगमध्ये ते एक्सेप्शन ढिगाने दिसतं आणि नवीन माणूस घाबरतो.) मग कोणीतरी सांगतं की एंड वाईट, त्याऐवजी कम्प्लीट रिक्वेस्ट वापर. वापरलं की नवीनच तमाशा, कारण कम्प्लीट रिक्वेस्ट पानाचं जीवनचक्र थांबवत नाही, पुढचे टप्पे चालतातच आणि पानाचं एचटीएमएल तुमच्या फाईलच्या शेपटीला चिकटतं. एक्सेल म्हणतं फाईल खराब आहे, दुरुस्त करू का. सीएसव्ही असेल तर नोटपॅडमध्ये उघडून एकदम तळाशी जा, तिथे डॉकटाइप एचटीएमएल लिहिलेलं सापडेल, आणि गंमत म्हणजे त्यातच तुमचं ते बदललेलं लेबलही सापडेल! ते टाळायला क्रम असा ठेवा: फाईल लिहा, फ्लश करा (साठलेलं ब्राउझरकडे पाठवा), सप्रेस कंटेंट ट्रू करा (पुढचं काही पाठवू नको), मग कम्प्लीट रिक्वेस्ट.

दुसरा घोळ व्ह्यूस्टेटचा. ब्राउझरमध्ये जुनंच पान आहे म्हणजे त्यातलं लपलेलं व्ह्यूस्टेटचं फील्डही जुनंच आहे. सर्व्हरवर तुम्ही ड्रॉपडाउन रिसेट केला, लेबल बदललं, ते त्या रिक्वेस्टबरोबर संपलं. पुढच्या पोस्टबॅकला सर्व्हर परत जुन्या व्ह्यूस्टेटवरून पान उभं करणार. त्यामुळे समजा उद्या जावास्क्रिप्टने तुम्ही लेबल रंगवलंत, बटण बंद केलंत, तरी सर्व्हरच्या लेखी ते झालेलंच नाही, आणि पुढच्या पोस्टबॅकला पान त्याच्या जुन्या समजुतीप्रमाणे परत येणार. हे मनात ठेवा, पुढे उपाय निवडताना ह्यावरच गाडी येऊन थांबते.

आता उपायांकडे यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, जो बहुतेक जण विचारत नाहीत: "डाउनलोड झालं" म्हणजे तुमच्या लेखी नेमकं काय झालं? ह्याचे तीन वेगळे अर्थ होतात. एक, सर्व्हरवर फाईल तयार झाली. दोन, सगळे बाइट ब्राउझरपर्यंत पोचले. तीन, माणसाच्या डिस्कवर फाईल नीट सेव्ह झाली. पहिलं कळणं सोपं आहे, दुसरं थोड्या मेहनतीने कळतं, आणि तिसरं नेहमीच्या डाउनलोडमध्ये पानाला कळतच नाही, ब्राउझर ते सांगत नाही आणि सांगूही नये. सेव्हच्या खिडकीत माणसाने कॅन्सल दाबलं, डिस्क भरली, अँटिव्हायरसने फाईल अडवली, पानाला पत्ता लागत नाही. आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळा लोकांना पहिलाच अर्थ हवा असतो: लोडर थांबव, बटण मोकळं कर, बस.

एवढंच हवं असेल तर कुकीची (सर्व्हरने दिलेली, ब्राउझर जपून ठेवतो ती छोटी नोंद) युक्ती, जुनी आहे पण अजून चालते. फॉर्म सबमिट व्हायच्या आधी जावास्क्रिप्टने एक टोकन बनवायचं, टाइमस्टँप आणि थोडे रँडम आकडे पुरेत, ते एका हिडन फील्डमध्ये ठेवायचं. सर्व्हरने फाईल पाठवताना त्याच रिस्पॉन्सवर एक कुकी लावायची, तिच्या नावात किंवा व्हॅल्यूत तेच टोकन. इकडे पानावर सेट इंटरव्हल लावून दर अर्ध्या-एक सेकंदाला डॉक्युमेंट डॉट कुकी बघत बसायचं, टोकन दिसलं की लोडर काढा, बटण चालू करा, लेबल बदला, कुकी पुसा आणि इंटरव्हल बंद करा. फाईलच्या रिस्पॉन्समधून पान बदलता येत नाही, पण त्याच रिस्पॉन्सच्या हेडरमधून कुकी मात्र येते, आणि ती पानाला वाचता येते. सगळी गंमत एवढ्यावरच आहे.

ह्यात मी स्वतः ज्या खड्ड्यांत पडलोय ते सांगतो. कुकी एचटीटीपी-ओन्ली असली तर जावास्क्रिप्टला दिसत नाही, आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये वेब कॉन्फिगमध्येच सगळ्या कुकी एचटीटीपी-ओन्ली करून ठेवलेल्या असतात, मग कोड तंतोतंत बरोबर असूनही लोडर फिरत राहतो आणि आपण दिवसभर टोकनच तपासत बसतो. ह्या एका कुकीवर ते मुद्दाम फॉल्स करा, टोकनमध्ये गुपित काही नाही, सिक्युरिटीवाल्यांनी विचारलं तर हेच सांगा. दुसरं, पाथ. पाथ मुद्दाम रूट ठेवा आणि पुसतानाही तोच पाथ द्या, नाहीतर कुकी पुसली असं वाटतं आणि ती तशीच बसलेली असते. तिसरं, एकच माणूस दोन टॅब उघडून बसतो, म्हणून कुकीचं नाव सगळ्यांसाठी एकच ठेवू नका, टोकन नावातच घाला, एका टॅबची कुकी दुसऱ्याने पुसली असं होत नाही. चौथं, वरची मर्यादा ठेवा. सर्व्हरवर एरर आली तर कुकी येणारच नाही, मग काय जन्मभर बघत बसणार? अमुक इतक्या मिनिटांनी "काहीतरी बिघडलं, परत करून बघा" असं म्हणून बटण मोकळं करा. आणि पाचवं, टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंद करतात, क्रोम तर बराच वेळ मागे पडलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदापर्यंत खाली आणतो, त्यामुळे माणूस परत टॅबवर आला की एक-दोन क्षण जुनंच चित्र दिसू शकतं. व्हिजिबिलिटी चेंज इव्हेंटवर एकदा लगेच तपासलं की तेही सुटतं.

कुकी हेडरबरोबर येते हे विसरू नका. रिस्पॉन्स बफर होत असेल (वेबफॉर्म्समध्ये मुळात तसंच असतं) तर हेडर फाईल पूर्ण तयार झाल्यावरच निघतात, म्हणून कुकी दिसली म्हणजे फाईल तयार, हे गणित जुळतं. पण मोठी फाईल तुकड्यातुकड्याने फ्लश करत असाल तर पहिल्या फ्लशलाच हेडर गेले, कुकी गेली, लोडर थांबला, आणि फाईल मात्र अजून पाच मिनिटं उतरतेच आहे. मग हुशारीने कुकी शेवटी लावायला जावं तर सर्व्हर म्हणतो हेडर गेल्यानंतर कुकी बदलता येत नाही. अशा वेळी लेबलवर "डाउनलोड पूर्ण" न लिहिता "डाउनलोड सुरू झालं" लिहा, पुढचं ब्राउझरची डाउनलोडची पट्टी दाखवतेच.

कुकीऐवजी काही जण दर सेकंदाला सर्व्हरला एजॅक्स मारून (पान न बदलता मागून रिक्वेस्ट पाठवून) विचारतात, झालं का, झालं का. कल्पना वाईट नाही, पण वेबफॉर्म्समध्ये इथे सेशनचं (सर्व्हरवर त्या माणसापुरती ठेवलेली माहिती) लॉक आडवं येतं. सेशनमध्ये लिहू शकणारी एक रिक्वेस्ट चालू असली की त्याच सेशनच्या बाकीच्या रिक्वेस्ट तिच्यामागे रांगेत उभ्या राहतात. म्हणजे फाईल बनवणारी रिक्वेस्ट चार मिनिटं चालली तर "झालं का" विचारणारे सगळे एजॅक्स चार मिनिटं ताटकळणार आणि मग एकदम धडाधड उत्तरं येणार, ती सुद्धा "हो, झालं". एका जुन्या प्रोजेक्टवर आम्ही ह्यासाठी प्रोग्रेस बार बनवला होता, तो शून्यावर बसून राहायचा आणि शेवटी थेट शंभरवर उडी मारायचा, आणि आठवडाभर आम्ही प्रोग्रेसचं गणितच दुरुस्त करत होतो! उपाय म्हणजे फाईलचं पान आणि स्टेटसचं हँडलर (पान न बनवता नुसतं उत्तर देणारा सर्व्हरवरचा कोड) दोन्हीकडे सेशन रीड-ओन्ली करा किंवा बंदच ठेवा. नुसतं स्टेटसकडे रीड-ओन्ली करून भागत नाही, कारण फाईलवाल्या रिक्वेस्टने लिहिण्याचं लॉक धरून ठेवलेलं असतं. पीएचपीवाल्यांनाही हाच त्रास होतो, तिथे सेशन राइट क्लोज लवकर बोलवायचं.

आता बटण डिसेबल करण्याबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की कधीकधी क्लिक इव्हेंटच सर्व्हरवर फायर होत नाही. ऑनक्लिकमध्येच बटण डिसेबल केलं तर फॉर्म सबमिटच न होण्याची शक्यता असते, आणि झाला तरी डिसेबल कंट्रोल फॉर्मच्या डेटात जात नाही, त्यामुळे सर्व्हरला कळत नाही की कुठलं बटण दाबलं. दोन मार्ग आहेत. एक तर शून्य मिलिसेकंदाच्या सेट टाइमआउटमध्ये डिसेबल करा, म्हणजे सबमिट आधी निघून जातो. नाहीतर बटणावर यूज सबमिट बिहेवियर फॉल्स करा, मग वेबफॉर्म्स डू-पोस्टबॅकने जातं आणि बटणाचं नाव वेगळ्या हिडन फील्डमधून पोचतं. आणि व्हॅलिडेटर असतील तर आधी पेज क्लायंट व्हॅलिडेट बोलवून बघा, फॉर्म चुकीचा असताना बटण डिसेबल झालं तर पोस्टबॅकही नाही, फाईलही नाही आणि बटणही मेलेलं. हाच न्याय बाकीच्या कंट्रोलना. "फाईल येईपर्यंत सगळा फॉर्म गोठवू" म्हणून टेक्स्टबॉक्स, ड्रॉपडाउन सगळे सबमिटच्या आधी डिसेबल केले तर त्यांच्या व्हॅल्यू सर्व्हरला जात नाहीत आणि रिपोर्ट रिकाम्या फिल्टरवर निघतो.

अपडेट पॅनेल (अख्खं पान न आणता त्याचा एक भागच बदलणारा कंट्रोल) असेल तर वेगळीच तऱ्हा. पॅनेलमधल्या बटणाने फाईल पाठवली की कन्सोलमध्ये पेज रिक्वेस्ट मॅनेजरची पार्सर एरर येते, कारण तिकडे स्क्रिप्ट ठरावीक आकाराच्या मजकुराची वाट बघत असते आणि तिच्या हातात एक्सेलचे बाइट पडतात. त्यासाठी त्या बटणाला पोस्टबॅक ट्रिगर लावा, किंवा बटण ग्रिडच्या ओळीत असेल तर स्क्रिप्ट मॅनेजरकडे रजिस्टर पोस्टबॅक कंट्रोल करा. पण मग तो पूर्ण पोस्टबॅक झाला, त्यामुळे अपडेट प्रोग्रेसचा लोडर त्याला दिसत नाही, आणि आपण परत पहिल्या प्रश्नावर.

शेअरपॉइंटवर कोणी हे करत असेल तर एक जाता जाता: तिथे डाउनलोडनंतर पानावरची सगळीच बटणं मुकी होतात, कारण फॉर्म दोनदा सबमिट होऊ नये म्हणून एक झेंडा ट्रू करून ठेवलेला असतो आणि नवीन पान आलंच नाही म्हणून तो परत फॉल्स होत नाही. थोड्या वेळाने स्क्रिप्टने तो झेंडा खाली करावा लागतो. रोग तोच, लक्षण वेगळं.

आता मला तुमच्या केससाठी जे खरंच पटतं ते सांगतो. तुम्हाला नुसता लोडर थांबवायचा नाहीये, लेबल, ड्रॉपडाउन, ग्रिड असे सर्व्हरचे कंट्रोल बदलायचेत, आणि ते व्ह्यूस्टेटमध्येही टिकायला हवेत. मग क्रम उलटा करा. आधी पान, मग फाईल. बटण दाबलं की साधा पोस्टबॅक, अपडेट पॅनेलमधून झाला तरी चालेल. त्यात फाईल तयार करा पण पाठवू नका, कुठेतरी ठेवा आणि तिला एक अंदाज न लावता येणारा आयडी द्या. लेबल, बटण, ड्रॉपडाउन, ग्रिड, जे काय बदलायचंय ते नेहमीसारखं बदला. रिस्पॉन्समध्ये नवीन पान जाईल, व्ह्यूस्टेट नवीन जाईल, लोडर आपोआप जाईल कारण पानच नवीन आलं. आणि त्या पानाबरोबर एक छोटी स्क्रिप्ट पाठवा जी लपलेल्या आयफ्रेमचा (पानाच्या आतली दुसऱ्या पानाची चौकट) पत्ता एका जेनेरिक हँडलरकडे वळवते, त्या आयडीसकट. हँडलर फाईल देतो, पान तसंच राहतं, आणि आता पान तसंच राहणं हेच आपल्याला हवंय! बघा, जो नियम आडवा येत होता तोच कामाला आला.

इथे बारकावे आहेत. अपडेट पॅनेल असेल तर स्क्रिप्ट स्क्रिप्ट मॅनेजरमार्फत रजिस्टर करा, क्लायंट स्क्रिप्टच्या रजिस्टर स्टार्टअप स्क्रिप्टने अर्धवट पोस्टबॅकमध्ये ती चालत नाही आणि कुठे एररही दिसत नाही. नवीन खिडकी उघडून डाउनलोड करायला जाऊ नका, क्लिकपासून लांब गेलेली विंडो ओपन पॉपअप ब्लॉकर अडवतो. विंडोचं लोकेशन बदलूनही डाउनलोड होतं, पण ब्राउझरला आधी माहीत नसतं की पलीकडून फाईल येणार आहे, म्हणून तो बिफोर-अनलोड इव्हेंट फायर करतो, आणि पानावर "सेव्ह न केलेले बदल जातील" असा इशारा लावलेला असेल तर तो उगाच उगवतो. काही लोक लोडर बिफोर-अनलोडवरच दाखवतात, त्यांचा लोडर मग कधीच जात नाही. आयफ्रेममध्ये हे दोन्ही त्रास नाहीत. आयफ्रेमचा अजून एक फायदा: अटॅचमेंट आली तर आयफ्रेमचा लोड इव्हेंट सहसा येत नाही, पण एररचं एचटीएमएल पान आलं तर येतो, म्हणजे लोड आला की समजायचं काहीतरी बिघडलंय आणि लेबल लाल करायचं. शंभर टक्के भरवसा ठेवायची गोष्ट नाही ती, पण फुकटात मिळते.

फाईल कुठे ठेवायची? एकच सर्व्हर असेल तर टेम्प फोल्डर चालेल, पण लोड बॅलन्सरमागे दोन मशीन असतील तर फाईल एका मशीनवर बनते आणि हँडलरची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे जाते, मग "फाईल सापडली नाही" कधी येतं कधी नाही, असले बग शोधताना केस पांढरे होतात. तिथे शेअर्ड स्टोरेज किंवा डेटाबेस. हँडलरमध्ये ती फाईल मागणाऱ्याचीच आहे का हे तपासा, नुसता आयडी अवघड आहे म्हणून सोडून देऊ नका. काही तासांनी जुन्या फाईली पुसणारा जॉब लावा. पहिल्या डाउनलोडनंतर लगेच पुसू नका, काही ब्राउझर आणि डाउनलोड मॅनेजर एकच फाईल दोनदा मागतात आणि दुसऱ्यांदा त्यांना एरर मिळाली की सगळंच फसतं. आणि पानावर "डाउनलोड सुरू झालं नाही तर इथे दाबा" अशी साधी लिंक ठेवाच, तीच हँडलरची. सपोर्टचे फोन बरेच कमी होतात, स्वानुभव.

तिसरा रस्ता म्हणजे फेच, जावास्क्रिप्टने स्वतः रिक्वेस्ट पाठवायची सोय. नवीन प्रोजेक्ट असेल, वेबफॉर्म्सचं ओझं नसेल, तर मी सरळ हेच करेन. फॉर्म डेटा घेऊन फेचने पाठवा, उत्तर ब्लॉब (कच्च्या बाइटचा गठ्ठा) म्हणून घ्या, त्याचा ऑब्जेक्ट यूआरएल बनवा, एक अँकर टॅग तयार करून त्यावर डाउनलोड ॲट्रिब्यूट लावून क्लिक करा, मग यूआरएल रिव्होक करा, पण लगेच त्याच ओळीत नाही, थोड्या वेळाने, काही ब्राउझर तोवर फाईल उचलत नाहीत. ह्यात वरचा दुसरा अर्थ, म्हणजे सगळे बाइट आले की नाही, हे पक्कं कळतं, स्टेटस कोड हातात असतो, एररचा मजकूर दाखवता येतो, आणि कंट्रोल कधी बदलायचे ते सर्वस्वी तुमच्या हातात. फायनली ब्लॉकमध्ये बटण चालू करा, म्हणजे यश येवो अपयश येवो, ते अडकत नाही.

पण फेचमध्ये एक फसवी जागा आहे. सेशन संपलं असेल तर सर्व्हर लॉगिन पानाकडे रीडायरेक्ट करतो, फेच मुकाट्याने तिकडे जातो, लॉगिनचं पान २०० स्टेटसने येतं, तुमचा कोड म्हणतो सगळं ठीक, आणि माणसाकडे एक्सेलच्या नावाने लॉगिनचं पान सेव्ह होतं. लेबल मात्र हिरवं! म्हणून स्टेटसबरोबर कंटेंट-टाइपही तपासा, किंवा रीडायरेक्टेड ट्रू आहे का ते बघा. जेक्वेरीचं एजॅक्स वापरत असाल तर रिस्पॉन्स टाइप ब्लॉब द्यायला विसरू नका, नाहीतर तो बाइटना मजकूर समजून वाचतो, न कळलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी बदली अक्षर टाकतो आणि फाईल खराब होते. ओळखायची खूण: उतरलेली फाईल सर्व्हरवरच्या फाईलपेक्षा बरीच फुगलेली असते.

फेचमध्ये फाईलचं नावही तुम्हालाच कंटेंट-डिस्पोझिशनमधून काढावं लागतं. एपीआय वेगळ्या डोमेनवर असेल तर तो हेडर जावास्क्रिप्टला दिसतच नाही, सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचं नाव द्यावं लागतं. आणि नाव देवनागरीत असेल तर साध्या फाईलनेममध्ये टाकू नका, प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं येतात. फाईलनेम-स्टार हा प्रकार आहे, त्यात यूटीएफ-८ लिहून नाव पर्सेंट-एन्कोड करून द्यायचं, २०११ च्या आरएफसी ६२६६ ह्या इंटरनेटच्या मानकात हे नीट मांडलंय आणि आजचे सगळे ब्राउझर ते मानतात. सोबत साधं इंग्रजी नावही ठेवा.

फाईल खूप मोठी असेल, शेकडो एमबी, तर फेच-ब्लॉब नको. अख्खी फाईल आधी ब्राउझरने सांभाळायची, तोवर माणसाला डाउनलोडची पट्टीही दिसत नाही, आणि कमी रॅमच्या मोबाइलवर टॅबच मरतो. तिथे आधी तयार करा मग आयफ्रेम, हाच मार्ग, आणि तयार करायला खूप वेळ लागत असेल तर बॅकग्राउंड जॉबला द्या. पोस्टबॅक दहा मिनिटं लटकवून ठेवण्यात काही शहाणपण नाही, मधला एखादा प्रॉक्सी टाइमआउट देऊन मोकळा होतो.

एक उपाय जो बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो आणि जो करू नका: फाईलच्या रिस्पॉन्सवरच रिफ्रेश हेडर लावायचा, म्हणजे म्हणे फाईल उतरल्यावर पान आपोआप रीलोड होतं. एका ब्राउझरवर चाललं म्हणून नाचू नका, अटॅचमेंटवर ह्याचा भरवसा नाही. तसंच ठरावीक पाच सेकंदांनी लोडर काढून टाकणे. तुमच्या मशीनवर तीन सेकंदात होतं, महिनाअखेरीला त्याच रिपोर्टला दीड मिनिट लागतं, लोडर गेला पण फाईल नाही आली म्हणून माणूस परत बटण दाबतो, परत दाबतो, आणि सर्व्हरवर तोच जड रिपोर्ट पाच वेळा बनत बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

छोट्या दोन गोष्टी. लेबल स्क्रिप्टने बदलत असाल तर त्याला एरिया-लाइव्ह पोलाइट लावा, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला नाहीतर काहीच कळत नाही, आणि डिसेबल केलेल्या बटणावर फोकस होता तो हरवतो, तो परत बटणावर आणून ठेवा. आणि फायरफॉक्सवर कोणी तक्रार केली की पान रीलोड केलं तरी बटण बंदच दिसतं, तर कोडमध्ये शोधत बसू नका, फायरफॉक्स रीलोडनंतरही फॉर्म कंट्रोलची डिसेबल अवस्था लक्षात ठेवतो. त्या बटणावर ऑटोकम्प्लीट ऑफ लिहिलं की झालं.

राहता राहिलं ग्रिडमधलं स्टेटस. तुम्ही तिथे "डाउनलोड केले" असं डेटाबेसमध्ये लिहिताय आणि त्यावरून पुढे रेकॉर्ड लॉक करताय, हे मला सगळ्यात खटकलं. आयफ्रेमच्या पद्धतीत तुम्हाला फक्त फाईल तयार झाल्याचं माहीत असतं, हँडलरमध्ये फार तर बाइट पाठवल्याचं कळेल, तेही मधल्या प्रॉक्सीने घेऊन ठेवले असतील. म्हणून पोस्टबॅकमध्ये "तयार" लिहा, हँडलरमध्ये फाईल पाठवून संपल्यावर वेळेसकट "पाठवली" लिहा, आणि रेकॉर्ड लॉकच करायचं असेल तर ग्रिडच्या ओळीत "मिळाली" असं एक वेगळं बटण द्या जे माणूस फाईल उघडून बघितल्यावर स्वतः दाबेल. त्या बटणाचा पोस्टबॅक अगदी साधा आहे, त्यात फाईल नाही, त्यामुळे ग्रिड, लेबल, ड्रॉपडाउन सगळं तुम्हाला हवं तसं तिथे बदलतं.